वाटा

चावी मिळाली त्या दिवशी अप्पांना घेऊन गेले,
तळोजा, फेज दोन, चौदावा मजला.
लिफ्टमध्ये ते मजले मोजत नव्हते,
दाराची चौकट गुण्यात आहे का, ते बघत होते.

उंबऱ्याशी चपला काढल्या, भिंतीवर हात ठेवला,
गुराच्या पाठीवर ठेवतात तसा.
मग बोटाच्या पेराने ठोकलं. एकदा डोक्यावर, एकदा कमरेशी.
"वीट कुठाय?"
म्हटलं, अप्पा, यात वीट नसते.
ॲल्युमिनियमचे साचे लावतात, मायवान म्हणतात,
भिंत आणि स्लॅब एकदमच ओततात.
"म्हणजे बांधली नाही," ते म्हणाले. "ओतली."
आणि बराच वेळ गप्प.

ते गप्प झाले की मला त्यांचे शब्द ऐकू येतात,
घणसोलीच्या साइटवर वाळूच्या ढिगावर बसून
पाढ्यांच्या आधी पाठ झालेले:
थापी, करणी, रंधा,
ओळंबा, म्हणजे सुतळीला टांगलेला पितळी भोवरा,
तो हलायचा थांबेपर्यंत
मुकादमालासुद्धा बोलायची मुभा नव्हती.
काँक्रीटला टाचे मार, नाहीतर गिलावा धरणार नाही.
माल मेला, की त्यात पाणी घालून
परत जिवंत करायचा नाही.
(हे त्यांनी मला पुन्हा एकदा सांगितलं,
माझं लग्न मोडलं तेव्हा.
सिमेंटचं नाव न घेता.)

आई पाणी मारायची. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ,
पाइप पोचेल तिथे पाइपने, पुढे डब्याने.
हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे 'बिगारी'.
गिलाव्याला तडा गेला नाही,
हे लिहायला वहीत रकाना नव्हता.

पहिला हात खरबरीत, ठिय्ये लावून पाट्याने ओढलेला.
दुसरा निरूचा, ओल आहे तोवर घोटायचा,
आरशासारखा नको, गालासारखा.
मग रंगारी यायचा. लांबी, प्रायमर, रंगाचे दोन हात,
आणि घरमालक म्हणायचा, रंग छान जमलाय.
अप्पांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही.
किंवा वाटलं, आणि त्यावरूनही त्यांनी एक हात मारला.

सोबत बिल्डरचा पोरगा, गळ्यात ओळखपत्र.
"जिप्सम फिनिश आहे काका, एकदम स्मूथ."
अप्पांनी नखाने ओरखडलं. पांढरी भुकटी.
"पाण्याला भितं का हे?"
पोरगा मोबाइलमध्ये.

मग ते न्हाणीघरात शिरले, उकिडवे बसले,
गुडघ्यांचा आवाज झाला.
बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतलं.
पाणी जाळीकडे गेलंच नाही,
भिंतीकडे सरकलं आणि कोपऱ्यात जाऊन बसलं.
"उतार उलटा. आणि वाटा कुठाय?"
पोरगा म्हणाला, "कसला वाटा काका?
फ्लॅट एकट्या मॅडमच्या नावावर आहे ना?"

अप्पा हसले, त्या दिवशी पहिल्यांदा,
आणि अंगठ्याने हवेत गोलाई काढली.
भिंत जमिनीला भेटते तिथे काटकोन ठेवायचा नसतो, बाळा.
कोपऱ्यात पाणी दबा धरतं.
तिथे मालाचा वाटा करायचा, बाटली फिरवून गोल घोटायचा.
जन्मभर गुण्या धरलेला माणूस सांगत होता
काटकोन कुठे मोडायचा.

रविवारी ते परत आले, गोणपाटात थापी गुंडाळून.
गेटवर वॉचमनने वही पुढे केली,
"गेस्ट की लेबर?"
मी पेन हातात धरून उभी.
"गवंडी लिही," अप्पा म्हणाले.

दुपारपर्यंत वाटा झाला.
पाणी कोण मारणार, हे त्यांनी विचारलं नाही.
आज चौथा दिवस. सकाळी ऑफिसच्या आधी,
संध्याकाळी आल्या आल्या, पर्स खांद्यावरच ठेवून,
डब्याने.